लॅपटॉप की डेस्कटॉप : आपल्या आठवणींचे संकलन कोणी करावे?

गेल्या वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापसात वर्गणी करून एक रक्कम शाळेच्या स्वाधीन केली. तिच्यातून चित्रफितींच्या संकलनासाठी, म्हणजे रूढ भाषेत व्हिडिओ एडिटिंगसाठी, एक संगणक घ्यावा एवढेच त्यांचे सांगणे होते. रक्कम एका चांगल्या यंत्राला पुरेल इतकी होती. दोन यंत्रांना पुरणारी नव्हती. त्यामुळे लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हा वरवर साधा दिसणारा प्रश्न आमच्या शिक्षक-दालनात आला आणि जवळजवळ दोन महिने तेथून हलला नाही. त्या चर्चेचा वृत्तान्त या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. वर्गणी त्यांची आहे, आणि ज्या आठवणींसाठी हे यंत्र घ्यावयाचे होते त्याही त्यांच्याच घरच्या आहेत.

निवासी शाळेला असे यंत्र हवे कशाला, हे आधी सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह धम्माच्या वाटेवर आणले. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात पुन्हा दीक्षेचा सोहळा झाला. या घटनांवर ग्रंथ आहेत, प्रबंध आहेत, भाषणे तर अगणित आहेत. परंतु त्या मैदानात उभा असलेला साधा माणूस घरून काय खाऊन निघाला, किती कोस चालला, पांढरे वस्त्र त्याने कोठून आणले, परतल्यावर देव्हाऱ्यातील टाक कोणी उचलले आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलाने त्याला काय विचारले, हे ग्रंथांत क्वचितच सापडते. ते माणसांच्या स्मरणात आहे. त्या दिवशी पंधरा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मुले वसतिगृहात परततात तेव्हा एखाद्या तरी आजोबांच्या वा आजीच्या निधनाची वार्ता त्यांच्यासोबत येते.

म्हणून आम्ही नववीच्या मुलामुलींना इतिहासाचा उपक्रम म्हणून सुटीत घरच्या व वस्तीतील वृद्धांशी बोलावयास आणि ते बोलणे मोबाइलवर टिपावयास सांगू लागलो. आज शाळेकडे अशा चाळीसहून अधिक मुलाखती आहेत. काही दहा मिनिटांच्या, काही दीड-दोन तासांच्या. त्या जशा आल्या तशा कोणी पाहणार नाही. त्यांतून नेमके ते निवडून, जुळवून, खाली नावे व शब्द देऊन त्या दाखविण्याजोग्या कराव्या लागतात. यालाच संकलन म्हणतात.

प्रारंभी हे काम आम्ही बाहेर दिले. एका व्यावसायिक स्टुडिओने तीन मुलाखती संकलित करून दिल्या. त्यांपैकी एक मुलाखत भंडारा जिल्ह्यातील एका आजींची होती. मूळ चित्रणात त्या सांगतात : "मी तवा चवदा वर्साची होती. बापानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले अन् नदीत नेऊन सोडले. माय दारात उभी होती." यानंतर आजी थांबतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. लुगड्याचा पदर बोटांनी चाचपत राहतात. मग म्हणतात, "कोनी काही बोललं नाही. मंग मायनं चूल पेटवली." स्टुडिओने ती शांतता कापून टाकली होती, तिच्या जागी बासरी घातली होती आणि आजींच्या बोलीखाली शुद्ध मराठीत उपशीर्षके दिली होती. त्यात वाईट हेतू नव्हता. लग्नाच्या आणि जाहिरातीच्या चित्रफितींत शांतता हा दोष असतो, तो दूर करणे हे त्यांचे कामच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या कापलेल्या क्षणांत एक स्त्री दिसते : पिढ्यान्‌पिढ्यांचे दैवत घराबाहेर जाताना दारात उभी राहिलेली, भ्यालेली, सुटलेली, आणि संध्याकाळी नेहमीसारखी चूल पेटविणारी. ती शांतताच त्या मुलाखतीतील सर्वांत बोलका पुरावा होती.

तेव्हा आमच्या ध्यानी आले की संकलन ही यांत्रिक कारागिरी नाही. काय ठेवावयाचे आणि काय कापावयाचे हे ठरविणारा माणूस इतिहासकाराचेच काम करीत असतो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' सुरू केले आणि १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले, ते याच जाणिवेतून. आपले म्हणणे दुसऱ्याच्या कात्रीतून जाऊ नये, यासाठी आपले पत्र हवे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले, म्हणून तो जनसागर आज आपणांस पाहता येतो. नागपूरच्या महारपुऱ्यात वाढलेल्या वसंत मून यांनी शासनाच्या ग्रंथमालेसाठी बाबासाहेबांचे लेखन व भाषणे जमवून संपादित केली. तिचा पहिला खंड १९७९ साली निघाला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. या सर्वांनी साधन आपल्या हाती घेतले होते. आपल्या काळातील तसे एक साधन म्हणजे हा संगणक. तो घ्यावयाचा हे ठरले. कोणता, एवढेच उरले.

लॅपटॉपच्या बाजूने बोलणारे सहकारी थोडे नव्हते आणि त्यांचे म्हणणे पोकळही नव्हते. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी ते नेमकेपणाने मांडले. लॅपटॉप गावोगाव नेता येतो. मुलाखत घेतल्यावर ती तेथेच यंत्रात उतरवून मोबाइल रिकामा करता येतो. ज्या आजींचे बोलणे टिपले त्यांनाच, त्यांच्याच ओसरीवर, काय ठेवले आणि काय गाळले हे दाखवून त्यांची संमती घेता येते. वीज गेली तरी बॅटरीमुळे काम वाया जात नाही. टेबल, वेगळा पडदा, कळफलक, यूपीएस असा पसारा लागत नाही. ॲपलच्या नव्या मॅकबुकमध्ये चित्रफिती उलगडण्याची स्वतंत्र सोय चिपमध्येच असते आणि बॅटरीवरही त्यांची गती फारशी उतरत नाही, हेही त्यांनी सांगितले. हे सर्व खरे आहे. जो संकलक एकटा काम करतो, सतत प्रवासात असतो, त्याने लॅपटॉपच घ्यावा असे आजही आमचे मत आहे.

प्रश्न समजून घेण्यासाठी हे काम संगणकाला जड का जाते, ते पाहावे लागले. ४के चित्रणाच्या प्रत्येक चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. आणि अशा चौकटी सेकंदाला सामान्यतः ३० असतात. हे सर्व जसेच्या तसे साठविणे मोबाइलला शक्य नसते. म्हणून तो काही चौकटी पूर्ण ठेवतो आणि मधल्या चौकटींत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवितो. त्यामुळे एका मिनिटाचे ४के चित्रण एच.२६४ पद्धतीत सुमारे ३५० एमबी आणि एच.२६५ पद्धतीत त्याच्या साधारण निम्म्या जागेत मावते. एका तासाच्या मुलाखतीला पद्धतीनुसार १० ते २० जीबी लागतात. परंतु संकलन करताना कोणत्याही एका क्षणावर थांबावयाचे म्हटले की संगणकाला मागच्या-पुढच्या चौकटींवरून ती चौकट पुन्हा रचावी लागते. फाईल जितकी आटोपशीर, तितके तिला उलगडण्याचे श्रम अधिक. यासाठी जलद प्रोसेसर, निदान १६ जीबी आणि शक्य तर ३२ जीबी रॅम, चालू कामासाठी एसएसडी, साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क आणि परवडल्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते.

येथे डेस्कटॉपचे पारडे जड होऊ लागते. तेवढ्याच पैशांत तो अधिक ताकद देतो. ग्राफिक्स कार्डाचे नाव दोन्हींकडे एकच असले तरी लॅपटॉपमधील कार्ड बहुधा कमी विजेवर चालविलेले असते. पाटी तीच, पण काम उणे. लॅपटॉपच्या चपट्या पोटात उष्णतेला वाव नसतो, आणि तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागले की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी गती कमी करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या विदर्भात ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. नेमक्या उन्हाळ्याच्या सुटीत काम करावयाचे, आणि नेमके तेव्हाच यंत्र मंदावावयाचे. कॅबिनेटमध्ये हवा खेळते, पंखे मोठे असतात, धूळ साठली तर झाकण काढून झटकता येते.

तरीही गतीचा मुद्दा आम्ही निर्णायक मानला नाही. प्रॉक्सी नावाची एक युक्ती आहे. मूळ चित्रणाच्या हलक्या, कमी बिंदूंच्या प्रती काढावयाच्या, कापणे-जोडणे त्या प्रतींवर करावयाचे, आणि शेवटची चित्रफीत तयार होताना संगणक आपण होऊन मूळ चित्रण वापरतो. या रीतीने मध्यम ताकदीचा लॅपटॉपही मोठे काम पेलतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर ही सोय देतात. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ती आहे. म्हणून केवळ डेस्कटॉप जलद, एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर तो निर्णय अपुरा ठरला असता.

आमचा एक माजी विद्यार्थी रामदासपेठेत भाड्याच्या एका खोलीत संकलनाचे काम करतो. त्याच्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत. आम्ही सल्ला विचारला तेव्हा तो म्हणाला, "सर, दुकानातला डेमो पाहून यंत्र घेऊ नका. आपली फाईल घेऊन या." त्याप्रमाणे एप्रिलच्या एका दुपारी आम्ही तिघे शिक्षक सेंट्रल बाजार रोडवरील इस्पितळांची गर्दी ओलांडून त्याच्या खोलीवर पोहोचलो. सोबत भंडाऱ्याच्या आजींचे मूळ चित्रण होते. त्याने तेच चित्रण, तेच काम, दोन्ही यंत्रांना दिले आणि ओळीने तीन वेळा चित्रफीत तयार करविली. पहिल्या वेळी फारसा फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी लॅपटॉपचा पंखा खोलीभर ऐकू येत होता आणि त्याला लागणारा वेळ वाढला होता. डेस्कटॉप पहिल्यासारखाच चालला होता. मग त्याने उपशीर्षकांत 'बुद्ध', 'धम्म', 'प्रतिज्ञा' हे शब्द टंकित करून पाहिले. एका सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटली, दुसऱ्यात नीट उमटली. यंत्राआधी सॉफ्टवेअरची ही परीक्षा घ्यावी, हे कोणत्याही जाहिरातपत्रकात लिहिलेले नसते.

परंतु त्या खोलीत आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. लॅपटॉपवर चित्रण सुरू असताना तो एकटा समोर बसला होता आणि आम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो. डेस्कटॉपच्या २४ इंची पडद्यासमोर आम्ही चौघेही खुर्च्या ओढून बसलो, आणि बसताक्षणी बोलू लागलो. ही शांतता किती ठेवावी? येथे पाटलाचे नाव आले आहे, त्याचे नातू आजही त्याच गावात आहेत. नाव राहू द्यावे का? 'मंग'चे 'मग' करावे का? एका शब्दावर वाद झाला, तो मिटला, पुन्हा उकरला गेला. काम हळू झाले, पण नीट झाले.

परतीच्या वाटेवर विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या आसपास आम्ही चहाला थांबलो. एम.ए.च्या दिवसांत याच भागात बसून वाचलेली पहिल्या संगीतीची हकिकत तेव्हा आठवली. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात भिक्खू जमले. उपालीने विनय सांगितला, आनंदाने धम्म सांगितला, आणि संघाने ऐकून, विचारून, एकत्र म्हणून तो मान्य केला. संगीती याचा अर्थच एकत्र म्हणणे. स्मृती एकट्या आनंदाची होती, संकलन मात्र संघाचे होते. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळाने आणि युद्धांनी पाठांतर करणारे भिक्खू कमी होऊ लागले, तेव्हा तेथील संघाने त्रिपिटक लिहून काढले. ज्यांच्या मुखात वचन होते ती माणसे जात होती, म्हणून साधन बदलले. आपली स्थिती आज याहून फार वेगळी नाही. आणि संघाने करावयाचे काम एकाच्या मांडीवर मावणाऱ्या यंत्रावर होत नाही, असे आम्हांस वाटले.

आमच्या सहकाऱ्यांनी याला एक व्यावहारिक जोड दिली. फिरते यंत्र फिरता फिरता कोणा एकाचे होते. ज्या शिक्षकाला ते चांगले येते त्याच्या पिशवीत ते राहते. तो शिक्षक बदलून गेला वा निवृत्त झाला की कामही त्याच्यासोबत जाते. टेबलावरचे यंत्र शाळेचे राहते. रात्रीच्या अभ्यासानंतर तेथे आठवीची मुलगी बसू शकते, रविवारी एखादा माजी विद्यार्थी येऊन बसू शकतो. शिवाय डेस्कटॉप उघडता येतो. रॅम कोठे बसते, एसएमपीएस काय करतो, डिस्क कशी बदलावी, हे मुलांना हाताने शिकता येते. कित्येक लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकालाच जोडलेली असते, ती वाढविता येत नाही. पडदा वा कळफलक बिघडला तर खर्च अंगावर येतो. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने भागाभागाने दुरुस्त होणारी वस्तू घ्यावी, या मुद्द्यावर मॅडमही राजी झाल्या. त्यांच्या दोन अटी मात्र आम्ही शब्दशः पाळल्या. पहिली, यंत्रासोबत यूपीएस घ्यावा, म्हणजे वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता वेळ मिळेल. दुसरी, संकलित चित्रफीत प्रत्येक वृद्धाला त्याच्या घरी जाऊन दाखविल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. त्यासाठी लॅपटॉपची गरज पडली नाही. तयार चित्रफीत मोबाइलवर नेता येते. उरलेल्या पैशांतून आम्ही कॉलरला लावावयाचा एक माइक घेतला. चित्र थोडे अंधुक असले तर चालते. आवाज हरवला तर साक्षच हरवते.

तो डेस्कटॉप आता ग्रंथालयाच्या कोपऱ्यात आहे. भंडाऱ्याच्या आजींची मुलाखत मुलांनी त्यावर नव्याने संकलित केली. शांतता पूर्ण ठेवली, बासरी काढली. उपशीर्षकांवर मुलांनी बराच वाद घातला आणि शेवटी आजींची बोली जशीच्या तशी ठेवावयाचे ठरविले. चित्रफीत घेऊन दोन मुली आजींकडे गेल्या. आजींनी ती पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "माय दिसली मले." त्यांच्या मायचे एकही छायाचित्र घरात नाही.

शेवटी एक विनंती. कोणतेही यंत्र अमर नसते. हार्ड डिस्क काही वर्षांनी दगा देतेच. म्हणून जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. शाळेत संगणकातील एक आणि बाहेरील हार्ड डिस्कवरील एक, अशा दोन प्रती आहेत. तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत ठेवण्याची व्यवस्था चालू आहे; तिचा वार्षिक खर्च कोणा माजी विद्यार्थ्याने वा एखाद्या तुकडीने उचलला तर शाळा ऋणी राहील. आणि ज्यांच्या घरी १९५६ पाहिलेले कोणी हयात आहे त्यांनी येत्या सुटीपर्यंत थांबू नये. मोबाइल आडवा धरा, पंखा बंद करा, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. चित्रण चालू राहू द्या. ते चित्रण शाळेत आणा. टेबल आहे, पडदा मोठा आहे, खुर्च्या पुरेशा आहेत. बसून, मिळून, संकलन करू.

जय भीम.